केशवकुमारांचें हसूं आणि अत्र्यांचा पडदा



विनोदी पद्य लिहिणारा कवि आणि चित्रपटाची कथा लिहिणारा लेखक एकाच देहांत कसे नांदतात हें पाहावयाचें असेल तर मराठींत प्रल्हाद केशव अत्रे यांच्याकडे जावें लागतें. वक्ते, संपादक, नाटककार, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतले सेनानी हीं त्यांचीं रूपें इतकीं गाजलीं कीं ‘केशवकुमार’ हें त्यांचें मूळचें पद्यांतलें नांव पुष्कळांच्या स्मरणांतून गेलें आहे. त्यांच्या सबंध चरित्राच्या मागें मी आज लागणार नाहीं. १९२५ सालचा ‘झेंडूचीं फुलें’ हा विडंबनकाव्यांचा संग्रह आणि १९५३ सालचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट या दोन खुणांमधली वाट तेवढी मला चालावयाची आहे. पहिल्या कृतींत या गृहस्थांनीं महाराष्ट्राला कवींच्या अश्रूंवर हसावयास लावलें. दुसऱ्या कृतींत त्याच महाराष्ट्राला त्यांनीं पदर डोळ्यांना लावावयास लावला. हा पालट कसा झाला, आणि त्याला पालट म्हणावें काय, हा माझा आजचा विषय.

हें भाषण तयार करतांना मीं एक श्रोता मनाशीं धरला आहे. तो पुण्याच्या काव्यगायनाच्या बैठकींतला नाहीं. तो रत्नागिरीच्या मिरकरवाड्यांतला आहे. मिरकरवाडा म्हणजे रत्नदुर्गाच्या कुशींतलें मासेमारीचें बंदर. दालदी मुसलमानांची तेथें मोठी वस्ती आहे. पावसाळ्याची बंदी उठून ऑगस्टांत नौका बाहेर पडल्या कीं पहांटेपासून धक्क्यावर जो गलबला सुरू होतो त्यांत सुरमईचे भाव, खलाशांच्या हांका आणि कोंकणी मुसलमानी बोलींतल्या थट्टामस्करीचे फवारे यांची सरमिसळ असते. मासळी विकून झाली आहे, आणि एक मनुष्य फाटलेलें जाळें सांधीत बसला आहे, असें समजा. त्याला ‘झेंडूचीं फुलें’ वाचून दाखविलें तर हसूं येईल काय? प्रश्न वरवर पोरकट वाटेल, पण विनोदी वाङ्मयाचा कस अशाच प्रश्नानें लागतो. हसूं हें कोणाच्या तरी कानावर अवलंबून असतें, आणि सर्वांचे कान सारखे नसतात.

अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सासवडजवळच्या कोढीत या गांवीं झाला. कऱ्हा नदीचा तो मुलूख; पुढें आत्मचरित्राला त्यांनीं ‘कऱ्हेचें पाणी’ हेंच नांव दिलें. वडिलांचें नांव केशव, म्हणून पद्यलेखनासाठीं ‘केशवकुमार’ हें टोपणनांव. आतां गंमत पाहा. आमच्या रत्नागिरीच्या उत्तरेस गणपतिपुळ्यापलीकडे मालगुंड म्हणून गांव आहे. तेथें १८६६ सालीं जन्मलेल्या कृष्णाजी केशव दामल्यांनीं ‘केशवसुत’ हें नांव धारण करून मराठी कवितेला नवें वळण लावलें. सुत म्हणजे पुत्र आणि कुमार म्हणजेही पुत्र. दोन्ही नांवांचा अर्थ एकच, पण एकानें कवितेंत नवें रक्त घातलें आणि दुसऱ्यानें, तें रक्त पुढें जेथें साखळून राहिलें होतें तेथें, तुंबडी लावली. अत्र्यांच्या मनांत हें साम्य होतें किंवा कसें याचा तर्क करण्याची गरज नाहीं. त्या काळच्या वाचकाच्या कानाला मात्र तें लागल्यावांचून राहिलें नसेल.

कॉलेजांत शिकत असतांना अत्र्यांना राम गणेश गडकऱ्यांचा सहवास लाभला, आणि ते जन्मभर स्वतःला गडकऱ्यांचे शिष्य म्हणवीत राहिले. गडकऱ्यांचीं दोन खातीं निराळीं होतीं. कविता लिहावयाची ती ‘गोविंदाग्रज’ या नांवानें, विनोद लिहावयाचा तो ‘बाळकराम’ या नांवानें. १९१९ च्या जानेवारींत गडकरी वारले, आणि त्याच वर्षीं अत्रे फर्ग्युसन कॉलेजांतून पदवीधर झाले. पुढें शिष्यानें गुरूचीं तीं दोन खातीं एकत्र करून टाकलीं. बाळकरामाची दृष्टि आणि गोविंदाग्रजांचा ताल एका ठिकाणीं आले कीं जें होतें तें ‘झेंडूचीं फुलें’.

१९२३ सालीं पुण्यांत रविकिरण मंडळ स्थापन झालें. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही त्यांतलीं ठळक नांवें. या मंडळींनीं मराठी कवितेची मोठी सेवा केली, हें प्रथम सांगून टाकलें पाहिजे. कारण विडंबनाच्या हशांत तें ऐकूं येत नाहीं. त्यांनीं कविता गाऊन दाखविण्याची प्रथा गांवोगांव नेली, प्रेमाची कविता मध्यमवर्गीय घरांत उजळ माथ्यानें आणली, आणि माधव जूलियनांनीं तर गज्जलासारखें परकें रोप मराठी मातींत लावून दाखविलें. परंतु प्रत्येक संप्रदायाला जी खोड जडते ती यांनाही जडली. प्रेयसीला उद्देशून लिहिलेल्या कवितांचा सुकाळ झाला. फारसी शब्द जागा असो वा नसो येऊन बसूं लागले. विरहाचे सुस्कारे ऐकूं आले नाहींत तर ती कविताच नव्हे असें वाटूं लागलें. एकानें खरें रडावें आणि दहांनीं त्याच्या सुरांत सूर मिळवावा, असा हा प्रकार होता.

केशवकुमारांनीं त्या दहांना पकडलें. त्यांची रीत अशी कीं गंभीर कवितेचा बाहेरचा सगळा सरंजाम जशाचा तसा ठेवावयाचा, वृत्त तेंच, यमकांची ठेवण तीच, हृदयाला हात घालण्याचा आवही तोच, आणि मधोमध पाट्यावरवंट्यासारखी एखादी घरगुती वस्तु नेऊन ठेवावयाची. विरही प्रियकराच्या आर्ततेनें त्यांचा एक कवि परिटाची आळवणी करतो. दुसऱ्या एका पद्यांत प्रियकर नियमानें गुलाबाचीं फुलें आणून प्रेयसीला देतो. आपलें प्रेम तिला उमगलें असेल अशा आशेनें तो अखेर विचारावयास जातो, तों बाईसाहेब फुलांच्या पाकळ्यांचा घातलेला गुलकंद त्याच्यापुढें आणून ठेवतात. ‘प्रेमाचा गुलकंद’ हें तें पद्य. या पद्याला कोणत्याही मूळ कवितेची ओळख लागत नाहीं, आणि माझ्या मतें सबंध संग्रहांत तेंच अधिक टिकाऊ आहे. फुलांचें प्रतीक ज्या बाईला कळत नाहीं ती मूर्ख, असें प्रियकराला वाटतें. वाचकाला मात्र हळूहळू वाटूं लागतें कीं शहाणी तीच होती.

विडंबनाची एक अट असते आणि ती फार कठोर आहे. विडंबनकार वृत्तांत चुकला कीं तें विडंबन राहत नाहीं, नुसती टवाळी होते. ज्याच्यावर हसावयाचें त्याच्याइतकें तरी पद्य आपल्याला साधलें पाहिजे. अत्र्यांची मात्रा ढळत नाहीं. संग्रहाच्या नांवांतही हा हिशेब आहे. गुलाब, मोगरा, पारिजात हीं कवींचीं फुलें. झेंडू दसऱ्याच्या तोरणांत जातो, गाडीच्या आणि यंत्राच्या गळ्यांत पडतो. प्रेयसीच्या केसांत झेंडू माळलेला कोणी पाहिला आहे काय? पण तें फूल भरघोस असतें आणि चार दिवस सुकत नाहीं.

आतां आपल्या मिरकरवाड्याच्या श्रोत्याकडे येऊं. माधव जूलियनांच्या फारसी शब्दांवर केशवकुमारांनीं जी फिरकी घेतली ती त्याला वाचून दाखविली तर तो हसेल असें मला वाटत नाहीं. सदाशिव पेठेंतल्या वाचकाला ते शब्द सोवळ्यांत शिरलेल्या पाहुण्यासारखे वाटत, म्हणून तो हसला. दालदी घरांत तसले कितीतरी शब्द चुलीजवळ बसलेले असतात. दिल, दुनिया, इष्क, खुदा यांत त्याला विलक्षण असें कांहींच नाहीं. उलट संस्कृत समासच त्याला पाहुणे वाटतील. म्हणजे जो हशा १९२५ सालीं सबंध महाराष्ट्राचा म्हणून समजला गेला तो वास्तविक कांहीं पेठांचा आणि कांहीं कॉलेजांचा होता. विडंबन हें उसन्या पाण्यावर पोहणारें वाङ्मय आहे. मूळ कविता ज्यानें वाचली नाहीं त्याच्या गांवीं तें पाणी भरतच नाहीं.

आणखी एक गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. ज्यांच्यावर हे बाण सुटले तीं माणसें होतीं. माधव जूलियनांना याच वर्षांच्या आसपास लोकापवादामुळें फर्ग्युसन कॉलेजांतील प्राध्यापकी सोडावी लागली होती. त्यांच्या प्रेमकवितेवर हसणाऱ्या सभेंत सर्वच कांहीं वृत्तदोषांवर हसत नव्हते, हें उघड आहे. अत्र्यांचा हेतु तसा होता असें मी म्हणत नाहीं. पण हसूं एकदां सभेंत सोडलें कीं तें कोणाच्या ताब्यांत राहत नाहीं. आणि अत्र्यांच्या पुढच्या आयुष्यांत, वर्तमानपत्रांच्या रणांगणावर, हें हसूं पुष्कळ वेळां हेतुपुरस्सर जिव्हारीं लागावें म्हणूनच सोडलें गेलें. ‘झेंडूचीं फुलें’ मधला प्रसन्नपणा तेथें शोधूं नये.

ज्या १९२५ सालीं हा संग्रह निघाला त्याच सालीं कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट पडद्यावर आला. कथा नारायण हरि आपट्यांची, दिग्दर्शन बाबूराव पेंटरांचें, आणि कर्जानें नागवल्या गेलेल्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेंत शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. एकाच वर्षांतलीं हीं दोन अपत्यें, पण एकमेकांना ओळख देखील न देणारीं. एका ठिकाणीं सारें शब्दांत, दुसऱ्या ठिकाणीं शब्दाला जवळजवळ बंदी.

मूकपटाच्या लेखकाचें काम काय असे, हें आजच्या तरुण श्रोत्यांना समजावून सांगावें लागेल. प्रसंगांची जुळणी करावयाची, आणि जेथें हावभावांनीं भागत नाहीं तेथें पडद्यावर झळकणाऱ्या पाटीचा मजकूर लिहावयाचा. ती पाटी दोन-चार ओळींची, डोळ्यापुढें कांहीं क्षण राहणारी. आणि या बहुभाषी देशांत तीच एक पाटी दोन, तीन, प्रसंगीं चार लिप्यांत लिहावी लागे. पुढच्या स्वस्त बैठकींत बसणाऱ्या बहुसंख्य प्रेक्षकांना वाचतां येत नसे. मग जवळचा कोणी शिकलेला मनुष्य ती पाटी मोठ्यानें वाची आणि बाकीचे ऐकत. म्हणजे मूकपट मुका असला तरी थिएटर मुकें नव्हतें! वाद्यें वाजत, पाट्या वाचल्या जात, खलपुरुषाला शिव्या पडत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत लागला तेव्हांपासूनच हा खेळ सुरू झाला. फाळक्यांनीं पुराणकथांच्या जोडीला ‘पिठाचे पंजे’ सारखे छोटे विनोदी पटही काढले. शब्दावांचून हसवितां येतें हें त्यांना ठाऊक होतें. पडणें, धडपडणें, पिठानें हात माखणें, यांना भाषांतर लागत नाहीं.

मराठी लेखकांपैकीं कांहीं जण, मामा वरेरकरांसारखे, मूकपटांच्या दिवसांतच या धंद्याकडे वळले. केशवकुमार वळले नाहींत, आणि त्यांत नवल नाहीं. विडंबनकाराचें सारें भांडवल कानाचें. यमक, अनुप्रास, गंभीर सुरांत मध्येंच येणारा अगदीं बाजारी शब्द, हें पाटीवर लिहून काय साधणार? आणि त्या पाट्यांचें पुढें काय झालें तेंही पाहा. या देशांत मूकपटांच्या काळांत सुमारें १३०० चित्रपट निघाले, आणि त्यांपैकीं हातावर मोजतां येतील इतकेच शिल्लक आहेत. फिल्म पेट घेई, कुजे; कित्येकदां तिच्यावरची चांदी काढून घेण्यासाठीं ती धुतली जाई. १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तोंवर बहुतेक सारें नाहींसें झालें होतें. ‘झेंडूचीं फुलें’ मात्र लोकांच्या तोंडांत राहिलीं. एखाद्या पाटीवर कोणी मराठी लेखकानें मोठा सुंदर विनोद लिहिला असला तरी तो आतां कोणाच्या हातीं लागावयाचा नाहीं.

१४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’ निघाला आणि पडदा बोलूं लागला. पुढच्याच वर्षीं प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ नें त्याला मराठी वाचा दिली. कानाच्या कारागिराला आतां चित्रपटांत जागा झाली. पण अत्रे तेथें सरळ गेले नाहींत; मध्यें शाळा आणि नाटक हे दोन मुक्काम झाले.

शाळेचा मुक्काम मला फार महत्त्वाचा वाटतो. पुण्याच्या कँप भागांतील कँप एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. १९२८ सालीं लंडन विद्यापीठाची शिक्षणशास्त्रांतील पदविका घेऊन ते परत आले आणि पुन्हां त्याच शाळेंत रुजू झाले. कँप म्हणजे पेठ नव्हे. नाना जातींचीं, नाना भाषांचीं, गरिबांचीं मुलें तेथें येत. ज्यांनीं रविकिरण मंडळाचें नांव ऐकलें नाहीं अशा मुलांना मराठी कविता आवडावी कशी, हा प्रश्न तेथें रोज सकाळीं उभा राही. ‘नवयुग वाचनमाला’ ही त्यांचीं क्रमिक पुस्तकें याच अनुभवांतून निघालीं. केशवकुमारांची ‘आजीचें घड्याळ’ ही कविता घ्या. तींत विडंबनाचा लवलेश नाहीं. आजीजवळ घड्याळ नाहीं, पण कोंबड्याच्या आरवण्यावरून, उन्हाच्या सरकण्यावरून तिला वेळ बिनचूक कळते, एवढाच तिचा विषय. भरती-ओहोटीवर आणि नक्षत्रांवर वेळ ओळखणाऱ्या मिरकरवाड्याच्या तांडेलाला या कवितेवर टीप लागणार नाहीं. म्हणजे ज्या लेखणीनें उसन्या भावनेची टर उडविली तिलाच साध्या भावनेचा सूरही पहिल्यापासून अवगत होता. तो सूर पुष्कळ वर्षें फक्त मुलांसाठीं राखून ठेवला गेला, इतकेंच.

नाटकाचा मुक्काम सर्वांना माहीत आहे. १९३३ सालीं ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आलें. त्यामागून ‘घराबाहेर’, ‘भ्रमाचा भोपळा’, ‘लग्नाची बेडी’ हीं नाटकें आलीं. सूर्यनमस्कारांच्या वेडावर, ज्योतिषाच्या वेडावर, कविपणाच्या वेडावर सभागृह हसूं लागलें. कवितेंतला विनोद आतां माणसांच्या तोंडीं आला. मूळ कविता ठाऊक नसली तरी नमस्कार घालणारा मनुष्य प्रत्येकाच्या आळींत असतोच.

मग चित्रपट. १९३६ सालीं बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनीं हंस पिक्चर्स ही संस्था काढली. तिचा पहिला बोलपट ‘छाया’, आणि त्याचे कथालेखक वि. स. खांडेकर हे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यांतल्या शिरोडें गांवचे शिक्षक होते, हें जातां जातां सांगण्याचा मोह मला आवरत नाहीं. बाबूराव पेंढारकर मूकपटांत वाढलेले नट. शब्दावांचून पडद्यावर उभें कसें राहावें हें त्यांना शिकवावें लागत नसे. अशा मंडळींच्या हातीं अत्र्यांचे संवाद पडले. १९३७ सालीं ‘धर्मवीर’ आणि ‘प्रेमवीर’, १९३८ सालीं ‘ब्रह्मचारी’, १९३९ सालीं ‘ब्रँडीची बाटली’.

‘ब्रह्मचारी’ चें कथानक थोडक्यांत असें. औदुंबर नांवाचा तरुण ब्रह्मचर्यावरचें व्याख्यान ऐकून भारावून जातो, भिंतीवरचीं नट्यांचीं चित्रें फेकून देतो, व्यायामाचीं साधनें आणतो, आणि पुढें किशोरी भेटल्यावर हा सारा निग्रह कसा ढासळतो तें आपण पाहतों. मास्टर विनायक औदुंबर आणि मीनाक्षी शिरोडकर किशोरी. पोहण्याच्या पोशाखांत मीनाक्षीबाई पाण्याकांठीं गातात त्या प्रसंगानें १९३८ साल गाजविलें. कोणी नाकें मुरडलीं, कोणी तिकिटें काढलीं, आणि नाकें मुरडणाऱ्यांनींही तिकिटें काढलीं असावींत असा मला संशय आहे. तें गीत अत्र्यांचेंच. पण पाहा, हें गीत विनोदी नाहीं. गोड, सरळ, निर्व्याज शृंगाराचें तें पद आहे. विनोद पदांत नसून पद ऐकणाऱ्या ब्रह्मचाऱ्याच्या चेहऱ्यावर आहे. १९२५ सालीं केशवकुमारांनीं प्रेमगीतच हास्यास्पद करून दाखविलें असतें. १९३८ सालीं त्यांनीं प्रेमगीताला प्रेमगीत राहूं दिलें आणि हसें केलें तें त्याला घाबरणाऱ्याचें. शब्द आणि चेहरा यांची ही वांटणी त्यांना पडद्यानें शिकविली असें मी समजतों, आणि पडद्याला ती मूकपटांनीं शिकविली होती.

‘ब्रँडीची बाटली’ मध्यें दामुअण्णा मालवणकरांनीं दारूची तोंडओळखही नसलेला एक भोळा जीव उभा केला. मुंबईंत १९३९ सालीं दारूबंदी आली त्याच वर्षींचा हा चित्रपट. बाटलीच्या शोधांत वणवण करणारा तो मनुष्य आणि त्याची ती प्रसिद्ध तिरळी नजर, एवढ्यावरही कित्येक दृश्यें तरून जातात. माझें एक गाऱ्हाणें मात्र नोंदवितों. अत्र्यांचीं पात्रें फार बोलतात. नाटकाची संवय त्यांच्या चित्रपटांतून पुरती गेली नाहीं. शब्द चालू असतांना कॅमेरा बिचारा हात जोडून उभा असतो, आणि कोटी संपेपर्यंत त्याला हलण्याची परवानगी नसते.

पुढें त्यांनीं स्वतःची चित्रसंस्था काढली. ‘पायाची दासी’ १९४१ सालीं निघाला, ‘वसंतसेना’ १९४२ सालीं. त्यांवर येथें थांबत नाहीं, कारण मला ‘श्यामची आई’ गांठावयाची आहे.

साने गुरुजींचा जन्म याच जिल्ह्यांतला, दापोली तालुक्यांतल्या पालगडचा. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहून काढली. रात्री बेचाळीस, आणि प्रत्येक रात्रीं आईची एक आठवण. पुस्तक १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. ११ जून १९५० रोजीं गुरुजींनीं देह ठेवला. चित्रपट निघाला १९५३ सालीं, तो पाहण्यास ते नव्हते. निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथाकार अत्रे. संगीत वसंत देसायांचें. आई झाल्या वनमाला, आणि छोटा श्याम माधव वझे.

विचार करा, हें पुस्तक कोणत्या मनुष्याच्या हातीं पडलें होतें. यांत पानोपानीं अश्रू आहेत. गरिबी आहे, कर्ज आहे, आजार आहे, देव आहे, तुळस आहे, आईचा मृत्यु आहे. विडंबनकाराला याहून तयार शिकार कोठें मिळणार? १९२५ सालच्या केशवकुमारांनीं यांतल्या कोणत्याही रात्रीचें चार कडव्यांत भरीत करून दाखविलें असतें. आणि मला वाटतें, याच कारणानें हा चित्रपट त्यांच्याच हातून उतरावयाचा होता. भावना कोठपर्यंत खरी असते आणि कोणत्या पावलाला ती खोटी पडते, हें जितकें विडंबनकाराला ठाऊक असतें तितकें भावनाप्रधान लेखकाला कधींच ठाऊक नसतें. ज्यानें आयुष्यभर दुसऱ्यांच्या कवितेंतली ती घसरण शोधून काढली, त्याला आपलें पाऊल त्याच्या एक वीत अलीकडे थांबवितां येतें. चित्रपटांत तो सर्वच ठिकाणीं थांबला असें नाहीं. कांहीं जागीं उपदेश लांबतो. पण जेथें थांबला तेथें फार चांगला थांबला.

पोहण्याचाच प्रसंग पाहा. श्याम पाण्याला भितो, घरांत लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारीत मारीत विहिरीकडे पिटाळते, आणि मुलगा पाण्यांत पडतो. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणूं नये, एवढीच तिची इच्छा. पंधरा वर्षांपूर्वींच्या ‘ब्रह्मचारी’ मध्येंही पाणी होतें आणि पाण्याला भिणारा एक तरुण होता. लेखक एकच. तेथें भीतीचें हसें झालें, येथें भीति मोडली जाते. आणि हसूं आलेंच तर तें श्यामच्या लपण्याचें, कोणाच्या मानहानीचें नव्हे. या दृश्याला संवाद फारसे लागत नाहींत. कोपऱ्यांत दडलेला मुलगा, दारांत उभी आई, विहिरीचा काठ, पाण्याचा आवाज. पाट्या लावल्या असत्या तर हा मूकपट झाला असता. फार बोलणाऱ्या लेखकानें येथें तोंड मिटून घेतलें आहे.

मिरकरवाड्यांतल्या मुलाला खाडीच्या पाण्यांत कोणी शिकवावयास लागत नाहीं असें आपण म्हणतों, पण तें खरें नाहीं. तेथेंही पहिल्या दिवशीं कोणी तरी पोराला पाठीमागून ढकलतें, आणि कोणी तरी बाई धक्क्यावर उभी राहून तें वर येईपर्यंत श्वास धरून असते. तिनें साने गुरुजी वाचले नसतील. तिच्या घरीं तुळस नसेल. त्या दृश्यांत काय चाललें आहे हें तिला विचारावें लागत नाहीं. माधव जूलियनांवरचा विनोद ज्या उंबऱ्यापाशीं अडला होता तो उंबरा येथें लागतच नाहीं.

केंद्र सरकारनें चित्रपटांसाठीं पारितोषिकें सुरू केलीं, त्यांतल्या पहिल्याच वर्षाचें राष्ट्रपतींचें सुवर्णपदक ‘श्यामची आई’ ला मिळालें. १९५४ सालीं त्याचा समारंभ झाला. त्यानंतर अत्र्यांनीं ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला आणि त्यालाही राष्ट्रपतींचें रौप्यपदक मिळालें. मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनें त्यांना ओढून नेलें. नोव्हेंबर १९५६ मध्यें ‘मराठा’ दैनिक सुरू झालें आणि पडद्याचा संबंध मागें पडला. १३ जून १९६९ रोजीं मुंबईंत ते वारले. ‘झेंडूचीं फुलें’ अजून छापलें जातें, आणि शाळांच्या संमेलनांत ‘प्रेमाचा गुलकंद’ अजून म्हटला जातो, बहुधा ज्या कवितांवर तो संग्रह हसला त्यांची नांवेंही माहीत नसलेल्या मुलांकडून. साने गुरुजींच्या त्याच पुस्तकावरून २०२३ सालीं दुसरा चित्रपट निघाला. रंगांची सारी सोय हाताशीं असतांना तोही कृष्णधवलच काढलेला आहे.